सेल बदलून मिळणार नाही

समई ज्याने पहिल्यांदा घडवली तो मनुष्य मोठा शहाणा असला पाहिजे. त्याने पितळ वेगळे ठेवले आणि वात वेगळी ठेवली. वात जळणार, तेल संपणार आणि पितळ राहणार, एवढे साधे गणित त्याला कळत होते. म्हणूनच आमच्या देवघरात पणजीच्या लग्नातली समई अजून उभी आहे आणि तिच्यात सौ.ने आज सकाळी वळलेली वात आहे. समजा, पुण्याच्या तांबट आळीतल्या एखाद्या कारागिराने वात पितळेत पुरून, वरून डाख देऊन समई विकली असती आणि 'वात संपली की समई टाकून द्या, पुढल्या वर्षी नवा नमुना येतोय' असे पणजीला सांगितले असते, तर पणजीने ती समई त्याच्या हातात परत दिली नसती. डोक्यात घातली असती.

आपण मात्र हल्ली नेमकी तसलीच समई विकत घेतो आणि वर पेढे वाटतो.

माझे भांडण एवढ्यापुरतेच आहे. टिकणाऱ्या वस्तूच्या पोटात न टिकणारी वस्तू कायमची गाडून ठेवायची आणि धाकटी मेली की थोरलीलाही सती जायला लावायचे, ही जी नवी कारखानदारी निघाली आहे तिच्याविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. विषय एका सेलचा आहे. 'सेल' हा शब्द ऐकून आमच्या घरातल्या मंडळींनी कान टवकारले, म्हणून आधीच खुलासा करतो: लक्ष्मी रोडवर साड्यांचा लागतो तो नव्हे. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, तीन व्होल्टचा, चांदीच्या रंगाचा सेल. तो एका यंत्रात होता आणि ते यंत्र मास्तरांचे होते.

मास्तर म्हणजे आमच्या डोंगर भटकणाऱ्या टोळीचे म्होरके. शाळेत भूगोल शिकवायचे. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी पोरांकडून अक्षांश-रेखांश पाठ करून घेतले. पण स्वतः एकाही अक्षांशाला कधी हात लावला नव्हता. १९९८ साली त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून येताना हे यंत्र आणले. उपग्रहांचे संकेत झेलून आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहोत हे सांगणारे, तळहाताएवढे, पावसाला न भिणारे. आज हे काम कोणाचाही मोबाईल करतो, म्हणून त्यातली गंमत गेली. त्या वेळी कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटर उंचीवर, मास्तरांनी यंत्र आकाशाकडे धरले आणि 'एकोणीस अंश छत्तीस मिनिटे उत्तर!' असा पुकारा केला, तेव्हा देवळाशी बसलेल्या म्हातारीने, काहीतरी मोठा संकल्प सोडला असावा असे समजून, हात जोडले होते.

तिचे फारसे चुकले नव्हते. पूजेला बसले की भटजी आधी स्थळ सांगतात आणि काळ सांगतात; हे यंत्रही तेच दोन आकडे सांगते आणि दक्षिणा मागत नाही. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून चोवीस तरी उपग्रह दिवसाला दोन-दोन प्रदक्षिणा घालत असतात. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ. प्रत्येक जण खाली ओरडून सांगत असतो, 'मी अमुक, आत्ता वाजले इतके.' तो आवाज आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. चार उपग्रहांचा आवाज किती उशिरा आला याचा हिशेब मांडायचा, की आपला ठावठिकाणा निघतो. अमेरिकन सरकार हे सारे जगाला फुकट देते. मे २००० पर्यंत मात्र ते मुद्दाम शंभर मीटरपर्यंत चूक मिसळून देत असे. शंभर मीटर म्हणजे सपाटीवर काहीच नाही. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर शंभर मीटर म्हणजे गडावर असणे आणि गडाखाली असणे यांतला फरक आहे. ती भेसळ बंद झाली त्या दिवशी मास्तरांनी आम्हाला स्वखर्चाने मिसळ खिलवली आणि आधी नोंदवलेल्या सगळ्या जागा पुन्हा हिंडून दुरुस्त करायच्या असे जाहीर केले. मिसळ खाऊन झाल्यावर जाहीर केले, त्यामुळे कोणाला नाही म्हणता आले नाही.

नोंदवत काय होते? पाणी. सह्याद्रीवर चार महिने इतका पाऊस कोसळतो की डोंगराने नको म्हणावे आणि फेब्रुवारी उलटला की त्याच डोंगरावर पोट जमिनीला लावून पाणी शोधावे लागते. जुन्या लोकांनी कातळात टाकी खोदून ठेवली आहेत. नाणेघाटात तर सातवाहनांच्या काळापासूनची आहेत. पण कोणते टाके गवताआड आहे, कोणत्यातले पाणी पिण्याजोगे, कोणते मार्चमध्ये आटते, हे गावच्या गुराख्यालाच ठाऊक आणि त्याचा मुलगा आता चाकणच्या कारखान्यात. मास्तर त्या गुराख्यांना तंबाखू देऊन वर घेऊन जात, टाके बघत, ओंजळभर पीत, दोन दिवस स्वतःच्या पोटाचा अंदाज घेत आणि मगच ते टाके 'पिण्याजोगे' ठरवत. असे २१७ ठिपके त्या यंत्रात होते. नाव द्यायला सहाच रोमन अक्षरे मिळत. टाके हा शब्द त्या लिपीत लिहिला की त्याचे 'टेक' होते; मास्तर म्हणत, 'बरोबरच आहे, घ्या आणि प्या.'

२०१६ साली मास्तर गेले. तेराव्यानंतर वहिनींनी ते यंत्र रुमालात बांधून माझ्या हातात ठेवले. म्हणाल्या, ''मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही हिंडता, तुम्हीच ठेवा.''

आता त्या सेलकडे वळू. यंत्र चालते ते चार पेन्सिल सेलवर. ते संपले की काढायचे, नवे घालायचे. लहान मूलसुद्धा करील. पण जुने काढून नवे घालीपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात यंत्राने सगळे विसरून जाऊ नये म्हणून आत एक नाण्याएवढा सेल बसवलेला असतो. आई नळावर गेली की तेवढ्यापुरती पाळण्याची दोरी हलवणारी शेजारीण असते ना, तसा. पेन्सिल सेल जागेवर असताना तो त्यांच्याकडून थोडी वीज उसनी घेऊन स्वतःला भरून घेतो आणि ते बाहेर गेले की आठवण सांभाळतो. वीस वर्षे शेजारणीने इमाने-इतबारे दोरी ओढली. २०१८ च्या पावसाळ्यात पडद्यावर अक्षरे उमटली, की आठवणीचा सेल क्षीण झाला आहे.

नीट समजून घ्या. यंत्र सगळे विसरले असते तरी आकाशाकडचे सगळे त्याला पुन्हा मिळाले असते. कोरी पाटी झालेले यंत्र मोकळ्यावर ठेवले की साडेबारा मिनिटांत सगळ्या उपग्रहांचे वेळापत्रक पुन्हा उतरवून घेते. घड्याळ पुन्हा लागते. पण मास्तरांची टाकी आकाशात नाहीत. ती त्या तीन व्होल्टांवर होती.

मग आमच्या घरी यंत्राचा नंदादीप सुरू झाला. ते एका ॲडाप्टरने भिंतीतल्या विजेला जोडून ठेवायचे आणि शिवाय पोटात पेन्सिल सेलही ठेवायचे, म्हणजे एक गेले तर दुसरे. पेन्सिल सेल बदलायचा दिवस आला की घरात ग्रहण पाळल्यासारखे वातावरण. त्या अर्ध्या मिनिटात वीज जाता कामा नये. म्हणून गिझर बंद, इस्त्री बंद, मिक्सरला हात लावायचा नाही. सौ. म्हणाली, ''माझ्या बाळंतपणात इतकी धावपळ केली नव्हतीत.'' हे खरे होते, त्यामुळे मी उत्तर दिले नाही.

तुम्ही म्हणाल, आकडे कागदावर का उतरवले नाहीत? उतरवले. कन्येने वाचायचे, मी लिहायचे, असे तीन रात्री २१७ अक्षांश आणि २१७ रेखांश पाढ्यांसारखे म्हटले. वही झाली. पण धुके उतरल्यावर वही बाण दाखवत नाही आणि पावसात भिजली की तिची पुन्हा पुस्ती होते. शिवाय मुद्दा वहीचा नव्हताच. पडदा धड, बटणे धड, आकाश धड, असे यंत्र एका नाण्यापायी मरू का द्यायचे, हा मुद्दा होता.

तो घेऊन मी मुंबईतल्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. कोणाच्या ते सांगत नाही. सगळ्यांची सेवा आता एकाच साच्यातून निघते. गार हवेत टाय लावलेला एक गोड मुलगा बसला होता. त्याने यंत्र पाहिले आणि 'अय्या, किती क्यूट!' या अर्थाचे काहीतरी इंग्रजीत म्हटले. मग त्याने संगणकात नंबर घातला आणि चेहरा शोकसभेचा केला.

''सर, ह्या मॉडेलची एंड ऑफ लाईफ झाली आहे.''

''चालतंय की हे. हे बघा, नऊ उपग्रह दाखवतंय.''

''चालत असेल सर, पण आमच्या सिस्टीममध्ये लाईफ संपली आहे.''

''मला फक्त आतला सेल बदलून हवाय.''

''तो युजरला बदलता येत नाही सर.''

''मान्य. म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुम्ही बदला.''

''आम्हीपण नाही बदलत सर.''

''मग कोण बदलतं?''

त्याने वर पाहिले. वर गार हवेचे यंत्र होते, त्याच्यावर छप्पर आणि त्याच्यावर ते नऊ उपग्रह. मग तो म्हणाला, ''नवीन घेतलंत तर दहा टक्के सूट आहे, सर.''

म्हणजे बघा. वैद्याकडे आजोबांना न्यावे, चष्म्याची काडी मोडली आहे म्हणून सांगावे आणि वैद्याने 'आजोबा बदला, दहा टक्के सूट आहे' म्हणावे. मुलाचा दोष नाही. त्याला दुरुस्ती शिकवलेलीच नाही. फक्त सांत्वन शिकवले आहे. पुण्याच्या दुकानदारांना उद्धट पाट्या लावतात म्हणून सगळे नावे ठेवतात. पण 'सेल बदलून मिळणार नाही. कारण विचारू नये.' अशी सरळ पाटी लावणारा मनुष्य मला ह्या गोडव्यापेक्षा पत्करला. तो निदान यंत्राला मेले म्हणत नाही.

या प्रकाराचे समर्थन करणारे आमच्या घरातच आहेत. माझा भाचा हिंजवडीला असतो. त्याने माझ्यापुढे जे मुद्दे मांडले ते कोणीही मांडील, म्हणून त्यांचा समाचार इथेच घेतो.

पहिला मुद्दा, ''मामा, पाणी शिरू नये म्हणून सील केलेलं असतं ते.'' ठीक. मग मनगटी घड्याळाचे काय? त्यात पाणी शिरलेले कोणाला आवडते? तरी मागचे झाकण उघडते, आत रबराचे कडे असते, कोपऱ्यावरचा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून पाच मिनिटांत सेल बदलतो आणि झाकण दाबून देतो. घड्याळ पुन्हा पावसात जाते. पाण्यापासून सांभाळायला रबर पुरते. गिऱ्हाइकापासून सांभाळायचे असले म्हणजे मात्र डाख द्यावा लागतो.

दुसरा मुद्दा, ''तारीखसुद्धा चुकवतं ते तुमचं यंत्र!'' हे खरे आहे आणि याची हकिकत मजेची आहे. हे उपग्रह आठवडे मोजतात, पण मोजायला त्यांना बोटे कमी पडली. ० ते १०२३ एवढेच आठवडे त्यांच्या जुन्या मोजणीत बसतात. मग पुन्हा शून्य. जानेवारी १९८० मध्ये सुरू झालेली मोजणी ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा शून्यावर आली आणि एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा. नव्या यंत्रांना हे शिकवून ठेवले आहे, जुन्यांना कोणी सांगितले नाही. त्यामुळे २०२५ च्या दसऱ्याला आमचे यंत्र म्हणाले, आज १६ फेब्रुवारी २००६. साडेएकोणीस वर्षांनी मागे. मला तर आवडले. शिवाय चूक पुऱ्या आठवड्यांची असल्यामुळे वार गुरुवारच येतो, म्हणजे उपासापुरते यंत्र अजून विश्वासू आहे. आणि जागा? जागा ते बिनचूक सांगते. आमच्या आजोबांनाही शेवटी शेवटी साल आठवत नसे. ते नेहरूंच्या तब्येतीची चौकशी करीत. पण संध्याकाळी मारुतीला जाऊन घरी बरोबर परत येत. तारखेपायी त्यांना कोणी भंगारात घातले नव्हते.

तिसरा मुद्दा सगळ्यांत जड. ''फोनमध्ये आहे की हे सगळं!'' आहे ना. फोन यंत्रापेक्षा हुशार आहे, हे मी कबूल करतो. पण बाळा, त्या फोनची बॅटरी कुठे आहे? पूर्वी मोबाईलचे झाकण नखाने निघत असे. फोन अडला की बॅटरी काढायची, फुंकर मारायची, परत घालायची, हा उपाय आपल्या देशात कोट्यवधी लोकांना येत होता. मग बॅटरी गोंदाने चिकटवली. का? तर फोन बारीक व्हावा म्हणून. माणसे जाड होत चालली आणि फोन मात्र बारीक झाले. आता दोन-तीन वर्षांनी बॅटरी दुपारीच मान टाकते आणि लोक म्हणतात, 'फोन जुना झाला.' फोन जुना झालेला नसतो हो. वात संपलेली असते.

चौथा मुद्दा, की दुरुस्ती परवडत नाही. हा मुद्दा आपल्या तोंडी शोभत नाही. आपण कल्हई लावून घेणारी माणसे. दारावर 'पाट्याला टाकीऽऽ' ओरडत येणाऱ्या बाईकडून पाटा टाकवून घेतला नाही असे एक घर नव्हते. गादीचा कापूस पिंजून घेत होतो, छत्रीची काडी बदलत होतो, स्टोव्हचा वॉशर, पेनाची निब, कोटाचे रफू. हे सगळे दारिद्र्यामुळे होते असे कोणी म्हणेल. अर्धे होते. उरलेले अर्धे शहाणपण होते आणि दारिद्र्य थोडे हटले तेव्हा आपण शहाणपणही त्याच्याबरोबर बाहेर काढले.

भाचा उठता उठता म्हणाला, ''मामा, हाय-टेक गोष्टी अशा उघडत नसतात.'' त्याला मी हबल दुर्बिणीची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण तिच्यापुढे सगळे मुद्दे लटके पडतात.

हबल ही दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये आकाशात सोडली. साधारण साडेपाचशे किलोमीटर उंचीवर. तिच्यात सहा बॅटऱ्या होत्या. एकोणीस वर्षांनी त्या म्हाताऱ्या झाल्या. मग काय केले? दुर्बिणीची 'एंड ऑफ लाईफ' झाली म्हणून हात वर केले? मे २००९ मध्ये अंतराळवीर यानात बसून वर गेले, जाड हातमोजे घालून बाहेर तरंगले, दार उघडले आणि सहाच्या सहा बॅटऱ्या बदलून खाली आले. हे जमले कशामुळे? ज्यांनी ती दुर्बीण आखली त्यांनी कागदावरच ठरवले होते की हिच्यातले भाग मरणार, ते बदलायला कोणीतरी येणार, म्हणून त्याला धरायला कठडे ठेवा आणि उघडायला दारे ठेवा. दुरुस्तीला येणाऱ्याची त्यांनी आधीच वाट पाहिली होती. साडेपाचशे किलोमीटर वर, जिथे पाय टेकायला जमीन नाही, तिथे बॅटरी बदलता येते आणि मुंबईत, गार हवेत, टेबलावर नाही? हा तंत्राचा प्रश्न नाही, दानतीचा आहे.

शेवटी तो सेल बदलला कोणी, ते सांगतो. पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला एका जिन्याखाली एक कारागीर बसतात. दुकान एवढे की गिऱ्हाइकाने उभे राहायचे ते रस्त्यात. त्यांनी यंत्र हातात घेतले, उलटे केले, स्टिकर नखाने सोलला, खालचे स्क्रू पाहिले आणि विचारले, ''आत काही ठेवायचंय का, की गेलं तरी चालेल?''

''आत एक माणूस आहे,'' मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुढे काही विचारले नाही. ''मग बायपास करू,'' म्हणाले.

आणि खरोखरच बायपास केला. झाकण सावकाश उघडून, दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडून तीन व्होल्ट तयार केले, त्यांच्या तारा जुन्या सेलच्या दोन टोकांना लावल्या, म्हणजे जुना सेल काढला तरी आठवणीचा रक्तपुरवठा चालू. मग डाख वितळवून जुना सेल अलगद सोडवला. मी शेजारच्या डब्यातला 'सीआर २०३२' उचलून पुढे केला. घड्याळात, संगणकात तोच बघितलेला. ते म्हणाले, ''तो नाही. ह्याला 'एमएल' पाहिजे.'' मग काम करता करता मला जो पाठ मिळाला तो असा: 'आर' म्हणजे गोल. २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंद. ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. 'सी' म्हणजे साधा लिथियमचा, एकदा वापरून टाकायचा. 'एमएल'वाला दिसायला तस्साच, पण पुन्हा पुन्हा भरून घेणारा. ह्या यंत्रात सेल भरला जातो, म्हणून इथे 'सीआर' घातला तर तो फुगेल, गळेल, कदाचित फुटेल. शिवाय सेलच्या अंगावर थेट कावी टेकवायची नाही, उष्णतेने तो आतून मरतो. पट्ट्या जोडलेला सेल आणायचा आणि पट्ट्यांना डाख द्यायचा. एवढे ज्ञान त्या जिन्याखाली होते. गार हवेतल्या संगणकात नव्हते.

नवा सेल बसला, बायपासच्या तारा निघाल्या, रबराच्या कड्याला ग्रीसचे बोट लागले. झाकण बंद करण्याआधी त्यांनी एक सुई घेतली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्या दिवसाची तारीख बारीक कोरली. जुने घड्याळजी असेच करीत.

''ही कोणासाठी?'' मी विचारले.

''पुढं जो उघडेल त्याच्यासाठी. सेल कधीचा ते त्याला कळायला नको?''

सेलचे एकशे ऐंशी, मजुरीचे अडीचशे, वेळ चहासकट पाऊण तास. यंत्र सुरू केले. २१७ च्या २१७ ठिपके जागेवर. त्यांतल्या एकाचे नाव मास्तरांनी नुसते 'घर' ठेवले होते. कुठल्याही डोंगरावरून ते निवडले की बाण त्यांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याकडे वळतो. वाडा पडून तिथे आता सात मजले झाले आहेत. बाणाला ते माहीत नाही आणि मी सांगणार नाही.

सरकार स्वस्थ बसले आहे असेही नाही. जुलै २०२२ मध्ये आपल्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टलही उघडले. तिथे कंपन्यांचे पत्ते आहेत. पत्ता मिळाला; पण त्या पत्त्यावर जो गोड मुलगा बसला आहे त्याला 'हो' म्हणायला कोण लावणार? १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू आहेत. मोडीत निघालेल्या यंत्रांची विल्हेवाट कशी लावायची याची जबाबदारी कारखानदारांवर आहे. चांगले आहे. पण ही स्मशानाची व्यवस्था झाली. मला दवाखाना हवा आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तू विकताना 'ही किती दुरुस्त होते' याचे दहापैकी गुण दाखवायला लावले. युरोपच्या कायद्याने १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख धरून बजावले आहे, की हातात वागवायच्या यंत्रांतली बॅटरी, थोडे अपवाद सोडून, गिऱ्हाइकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. समईवाल्याने न सांगता केले ते करायला युरोपला कायदा करावा लागला, पण केला. तेच कारखानदार तिथे उघडणारे झाकण देणार असतील, तर आमच्यासाठीच ते डाख का देतात, हे विचारायला आपल्या जिभेला काय झाले आहे?

माझे मागणे फार नाही. खोक्यावर किंमत छापता, वजन छापता, आत चार भाषांत 'अभिनंदन' छापता. तिथेच एक ओळ छापा. आत कोणता सेल आहे, झाकण कुठून उघडते आणि तो सेल किती वर्षे मिळत राहील. वस्तू माझी, पैसे माझे, तिच्या मरणाची तारीख तेवढी तुम्ही ठरवायची, हे चालणार नाही. आणि वाचकहो, तुम्हीही एक करा. काही विकत घ्यायला गेलात की रंग नंतर विचारा, आधी विचारा, 'ह्याचा सेल कोण बदलणार?' एकट्याने विचारले तर दुकानदार हसतो. दहा जणांनी विचारले तर तो मालकाला फोन करतो. हजारांनी विचारले तर कारखान्यात कोणीतरी पट्टी-पेन्सिल घेऊन झाकण आखायला बसेल.

मी तर सुरुवात केली आहे. परवा कन्येसाठी कानात घालायची ती बिनवायरची बोंडे घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने रंग दाखवले, डबी उघडून-मिटून दाखवली. मी विचारले, ''ह्याची बॅटरी संपली की काय करायचं?''

''फेकून द्यायचं, काका. दोन वर्षं आरामात जातात.''

मी म्हटले, ''मग तुम्हीच फेका. माझा हेलपाटा वाचेल.''